खाल्लं कधी, त्रास कधी

१७ ऑगस्ट २०२४, शनिवार. पैठण तालुक्यातल्या केकत जळगावच्या जिल्हा परिषद शाळेत सकाळी साडेआठच्या सुमारास मुलांना पोषण आहारातली बिस्किटं वाटली गेली. थोड्याच वेळात पोरं पोट धरून बसली, मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. २५७ मुलांमध्ये कमी-अधिक लक्षणं दिसली, १५३ जणांना दवाखान्यात आणावं लागलं आणि ज्यांची तब्येत जास्त बिघडली अशा सात जणांना छत्रपती संभाजीनगरला हलवलं गेलं.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीला महाप्रसाद होता. ६ तारखेला, मंगळवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास कोष्टवाडीसह आजूबाजूच्या गावांतली माणसं पंगतीला बसली, पोटभर जेवून घरी गेली आणि झोपली. त्रास सुरू झाला तो बुधवारच्या पहाटे. दोन हजारांहून अधिक लोकांना उलट्या-जुलाब झाले. लोह्याचं रुग्णालय भरल्यावर रुग्ण नांदेडला पाठवावे लागले.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन्हीकडे मथळा एकच असतो : विषबाधा. डॉक्टरच्या नजरेला मात्र या दोन घटना सारख्या दिसत नाहीत. पहिल्या घटनेत खाणं आणि त्रास यांत फार वेळ गेला नाही, दुसऱ्या घटनेत मध्ये जवळपास अख्खी रात्र गेली. म्हणूनच पोट बिघडलेल्या माणसाला चांगला डॉक्टर आधी ‘काय खाल्लं?’ एवढंच विचारून थांबत नाही. ‘कधी खाल्लं आणि कधी सुरू झालं?’ हेही विचारतो. घरच्यांनी या एका प्रश्नाचं नीट उत्तर दिलं, तर निम्मं निदान तिथेच होतं.

खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सात-आठ तासांच्या आत जोरदार उलट्या सुरू झाल्या, तर संशय तयार विषाचा असतो. म्हणजे जंतूंनी अन्नातच विष बनवून ठेवलेलं असतं आणि पोटात गेल्यावर त्याला वाट पाहावी लागत नाही. स्टॅफिलोकोकस हा जंतू माणसाच्या नाकात, त्वचेवर, हातावरच्या पिकलेल्या जखमेत राहतो. बोट कापलेलं असताना कुणी पेढे वळले, बासुंदी ढवळली किंवा उकडलेले बटाटे कुस्करले आणि तो पदार्थ उकाड्यात चार-सहा तास तसाच राहिला, की जंतूंचं काम झालं. पदार्थ पुन्हा तापवला तर जंतू मरतात, पण विष आहे तसंच राहतं. ‘चांगलं उकळून घेतलं होतं’ हे घरोघरचं समाधान इथे उपयोगाचं नाही. रात्रीचा भात ओट्यावरच ठेवून सकाळी त्याला फोडणी दिली, तर बॅसिलस सिरियस नावाचा जंतू हाच प्रकार करतो. असा त्रास भयंकर वाटतो, पण धडधाकट माणसात बहुतेक वेळा दिवसभरात ओसरतो.

सहा ते चोवीस तासांनी पोटात मुरडा येऊन जुलाब लागले आणि उलट्या फारशा नसल्या, तर डॉक्टरला आठवतं ते मोठं पातेलं. हे पातेलं जरा जवळून पाहण्यासारखं आहे. लग्नाच्या मांडवामागे तीन दगडांवर चढलेली कालियाची डेग असो किंवा सप्ताहातल्या आमटीचं कढलं, उकळी फुटते तेव्हा आतले जंतू मरतात. पण क्लॉस्ट्रिडियमसारख्या काही जंतूंची बीजं त्या उकळीतूनही तगतात. सकाळी अकराला विस्तव ओढून घेतला जातो. भाषणं लांबतात, वरात लांबते. वरून झाकण असतं. काठाला हात लावला तर गार, पण डाव खाली घातला तर मधला रस्सा अजून कोमट, आणि जंतूंना नेमकं तेच हवं असतं. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात ते झपाट्याने वाढतात आणि शंभर लिटरचं भांडं या पट्ट्यातून उतरायला कित्येक तास घेतं. नान-कालिया ही छत्रपती संभाजीनगरची शान. तुघलकाने दिल्लीहून दौलताबादला राजधानी आणली तेव्हा लष्कराच्या भटारखान्यातून ही चीज इथे आली, असं सांगितलं जातं. जुने भटारी डेगीखालचा निखारा शेवटची पंगत उठेपर्यंत विझू देत नाहीत. ती पद्धत चवीसाठी पडली असेल, पण जंतुशास्त्राच्या दृष्टीनेही ती अगदी बरोबर आहे. ज्याला निखारा ठेवणं जमत नाही, त्याने उरलेलं अन्न पसरट परातींत काढून लवकर गार करावं आणि फ्रिजमध्ये ठेवावं.

त्याहून उशिरा, म्हणजे एक-दोन किंवा चार-पाच दिवसांनी ताप आणि जुलाब आले, तर साल्मोनेलासारखा जंतू आतड्यात शिरून वाढलेला असू शकतो. टायफॉइडला एक ते चार आठवडे लागतात. दूषित अन्नपाण्यातून होणारी हिपॅटायटिस ‘ए’ची कावीळ तर दोन ते सात आठवड्यांनी उघडी पडते. त्यामुळे काल शहरातल्या गुलमंडीवर खाल्लेल्या पाणीपुरीवर आजच्या काविळीचं खापर फोडता येत नाही. आपण हमखास शेवटच्या घासाला दोष देतो, आणि खरा गुन्हेगार पुष्कळदा त्याच्या आधीच्या जेवणात किंवा मागच्या आठवड्यातल्या ग्लासभर पाण्यात असतो.

मराठवाड्यात आणि आसपास एक विषबाधा अशी आहे की ती पंचांग पाहून येते. नवरात्र, महाशिवरात्र, एकादशी जवळ आली की जिल्ह्याजिल्ह्यांतून भगरीच्या बातम्या सुरू होतात. २०२२ च्या नवरात्रात वैजापूर तालुक्यासह छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या अनेक उपवासकऱ्यांना भगर खाल्ल्यानंतर दवाखाना गाठावा लागला होता. २० फेब्रुवारी २०२४ ला, एकादशीच्या दिवशी, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सोमठाण्याच्या सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद खाऊन शेकडो लोक आजारी पडले. बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात खाटा पुरेनात. मग बाहेर रस्त्यावरच माणसांना झोपवून, झाडांना बांधलेल्या दोऱ्यांवर सलाईनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या. ती छायाचित्रं देशभर पाहिली गेली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकाराची दखल घेतली.

भगरीचा त्रास ओळखू येण्यासारखा असतो. मळमळ-उलटी असतेच, पण सोबत चक्कर येते, अंगाला कापरं भरतं, घाम फुटतो, पाय लटपटतात. पोटाच्या तक्रारीत हात का थरथरतात, याचं उत्तर बुरशीत आहे. वरी सडून, टरफल काढून तिची भगर झाली की तिचं कवच जातं आणि ती हवेतला दमटपणा ओढून घेते. अशा दाण्यावर अस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि फ्युमिगॅक्लेव्हीनसारखी विषद्रव्यं तयार करते. ही द्रव्यं मेंदू आणि मज्जासंस्थेवर काम करतात. बाजरी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला यांचे नातलग चांगले माहीत आहेत. कणसावर येणाऱ्या अरगटातलं विष याच कुळातलं. म्हणून तर दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरीचं बियाणं बुडवायचं आणि वर तरंगणारं टाकून द्यायचं, ही शिफारस गावोगावी पोचली आहे. मध्य प्रदेशातल्या बांधवगडमध्ये ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस १० हत्ती मेले, तेही बुरशी लागलेलं कोदोचं पीक खाऊन. कोदो हे वरीसारखंच बारीक तृणधान्य. बुरशीचं विष हत्तीलाही आडवं करतं, तर दिवसभराच्या उपाशी पोटी बशीभर भगर खाणाऱ्या म्हातारीची काय कथा!

यात खरी चिंता पिठाची आहे. अख्खी भगर निवडताना काळपट दाणा दिसतो, कुबट वास येतो. दुकानात सुट्या मिळणाऱ्या पिठात काहीच दिसत नाही, आणि ते किती दिवस कोणत्या पोत्यात पडून होतं हे दुकानदारालाही सांगता येत नाही. अन्न व औषध प्रशासन दर नवरात्रात सांगतं ते यासाठीच : पाकिटबंद भगर घ्या, पाकिटावरचा बॅच नंबर आणि मुदत पाहा, घरी आणून निवडा-धुवा, पीठ हवं तर घरीच आणि लागेल तेवढंच दळा, उरलेलं पुढच्या सणासाठी ठेवू नका. यात एक भर घालायला हवी. उपवासाच्या दिवशी सकाळपासून पाण्यावर असलेला माणूस, त्यातही मधुमेहाच्या गोळ्या घेणारा, आधीच अशक्त असतो. त्याला चक्कर आली की घरचे ‘उपवास लागला’ म्हणतात आणि पडून राहायला सांगतात. घरात एकाहून अधिक जणांना एकाच वेळी चक्कर आणि थरथर होत असेल, तर तो उपवास लागलेला नाही. त्यांना लगेच दवाखान्यात न्यावं.

अन्नाइतकाच पाण्याचाही हिशेब मांडायला हवा. नोव्हेंबर २०१७ मध्ये छत्रपती संभाजीनगर शहराच्या छावणी भागात गॅस्ट्रोची साथ आली. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि काही दिवसांत हजारो माणसं जुलाब-उलट्यांनी बेजार झाली. छावणीच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवसांत घरोघरी लोक आपण काय खाल्लं ते आठवत होते, आणि दोष होता नळाचा. जायकवाडीचं धरण इतक्या जवळ असूनही शहराच्या नशिबी वर्षानुवर्षं काही दिवसांआड, कधी आठ-आठ दिवसांआड येणारं पाणी आहे. मग ड्रम, टाक्या, हंडे भरून ठेवावे लागतात. नळाला पाणी नसताना रिकाम्या पाइपात फटींतून बाहेरची घाण ओढली जाते, आणि साठवलेल्या ड्रममध्ये दिवसभर हात बुडतात. हा दोष गृहिणीचा नाही, पण भोगावं तिलाच लागतं. पिण्याचं पाणी उकळून वेगळं ठेवणं आणि त्यात हात न घालता लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढणं, एवढं तरी आपल्या हातात आहे. एकाच गल्लीत चार घरांत जुलाब असतील, तर आपल्या स्वयंपाकात दोष शोधत न बसता आरोग्य केंद्राला कळवावं.

आता घरी काय करायचं? उलटी-जुलाबात माणूस बहुधा जंतूने मरत नाही, अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने मरतो. ही गोष्ट जगाला पटवण्यात एका भारतीय डॉक्टरचा मोठा वाटा आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धकाळात बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. तिथे शंभरातले तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आपल्या आरोग्य केंद्रांत फुकट मिळणारं जलसंजीवनीचं (ओआरएस) पाकीट हे त्याच कामाचं फळ आहे.

हे पाकीट वापरताना दोन चुका सर्रास होतात. एक लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवलं जातं. इतकं खारट पाणी बाळाला अपायकारक ठरतं. पाकीट एक लिटरचं असेल तर उकळून गार केलेलं लिटरभर पाणी मोजूनच घ्यावं आणि तयार पाणी २४ तासांनी टाकून द्यावं. दुसरी चूक, एका दमात प्यायला देणं. ते लगेच उलटतं आणि ‘पोटात काही टिकत नाही’ असं वाटतं. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबून चमचा-चमचा सुरू केलं, तर बहुतेकांच्या पोटात राहतं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्यावं. अंगावरचं दूध अजिबात बंद करू नये. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावं, चमचा चहाचा. शिवाय लहान मुलाला डॉक्टर दोन आठवड्यांपर्यंत झिंकच्या गोळ्या देतात. जुलाब थांबले तरी त्या पूर्ण कराव्यात. दुकानात फळांच्या चवीची गोड पेयं ‘ओआरएस’ या नावाने वर्षानुवर्षं विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. जास्त साखरेने जुलाब वाढतात, म्हणून हा लढा मोलाचा.

सलाईनविषयीही स्पष्ट बोलायला हवं. आपल्याकडे ‘डॉक्टर, एक सलाईन लावाच’ असा आग्रह असतो, आणि सलाईन न लावणारा डॉक्टर लोकांना कच्चा वाटतो. ज्याला तोंडाने पिता येतंय आणि पोटात टिकतंय, त्याला जलसंजीवनी पुरते. सलाईनची गरज असते ती न पिऊ शकणाऱ्याला, गुंगीत गेलेल्याला. जुलाब थांबवणारी गोळी आपल्या मनाने घेणं तर टाळावंच. ताप किंवा शौचात रक्त असताना ती घेतली तर घाण आतच कोंडते. मुलांना ती देऊच नये. आदल्या आजारातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही तशाच बाजूला ठेवाव्यात.

मग दवाखान्यात कधी जायचं? लघवीकडे लक्ष ठेवलं तर हे घरीही कळतं. सहा-आठ तासांत लघवीच झाली नाही किंवा गडद पिवळी, थेंबभर झाली. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी आली. जीभ कोरडी पडली. बाळाचे डोळे खोल गेले, टाळू आत गेली, रडताना अश्रू येईनात. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश परतू लागली. यातलं काहीही दिसलं, तर थांबू नये. शौचात रक्त, डांबरासारखी काळी शौच, १०२ च्या वरचा ताप, घोटभर पाणीही न टिकणं, पोटात एकाच जागी वाढत जाणारं दुखणं, ही सगळी त्याच दिवशी डॉक्टरकडे जाण्याची कारणं. गरोदर बाई, सत्तरीच्या पुढचं माणूस, तान्हं बाळ, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण यांच्या बाबतीत ‘उद्या बघू’ म्हणायला जागा नाही. यांपैकी काहीच नसेल, तर एरवी धडधाकट असलेल्या मोठ्या माणसाने दोन-तीन दिवस वाट पाहायला हरकत नाही.

काही वेळा मात्र तासभरही थांबता येत नाही. खाल्ल्याबरोबर अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास घोघरा झाला, तर ती ॲलर्जी जीवघेणी असते. एकाच्या जागी दोन दिसू लागलं, जीभ जड झाली, तर विष मज्जासंस्थेत पोचलेलं असू शकतं. कापसावर फवारणी करून आलेल्या माणसाने तशाच हातांनी भाकरी खाल्ली आणि त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तर ते कीटकनाशकाचं विष आहे. त्याला जबरदस्तीने मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला लावू नये. कपडे उतरवून अंग साबणाने धुवावं आणि १०८ ला फोन करावा. जिल्ह्यातले असे गंभीर रुग्ण शेवटी १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘घाटी’त येतात. तिथे ते वेळेत पोचणं महत्त्वाचं.

आणि जेवणानंतरची ‘ॲसिडिटी’! पन्नाशीतला माणूस रात्री जेवून उठतो, छातीत भरून येतं, घाम येतो, दोन-चार ढेकर येतात. घरचे सोडा देतात, ओवा चावायला लावतात. हृदयविकाराचा झटका पुष्कळदा असाच येतो. मधुमेही माणसांत आणि बायकांत छाती न दुखताही येतो, नुसती मळमळ आणि थकवा घेऊन. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांपैकी काही असेल आणि त्रास जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जात असेल किंवा घामाने अंग भिजत असेल, तर आधी ईसीजी काढावा, ओवा नंतर. ईसीजी चांगला निघाला म्हणून कुणी हसत नाही.

ज्यांना दर थोड्या दिवसांनी जेवल्यावर त्रास होतो, त्यांची गोष्ट वेगळी. तेलकट जेवणानंतर तासाभरात उजव्या बरगडीखाली कळ येऊन ती खांद्याच्या पात्याकडे जात असेल, तर पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी करावी. दूध-बासुंदीनंतरच गुडगुड होऊन पातळ शौचाला होत असेल, तर दुधातली साखर पचत नसेल. आपल्याकडे अनेक मोठ्या माणसांना ती पचत नाही, दही-ताक मात्र चालतं. पण वजन विनाकारण उतरत असेल, घास गिळताना अडकत असेल, रक्त कमी झालं असेल किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हा त्रास सुरू झाला असेल, तर मेडिकलवरून गोळी आणून दिवस ढकलण्यात धोका आहे.

डॉक्टरकडे जाताना कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात : गेल्या तीन दिवसांत काय खाल्लं-प्यायलं, कुठे आणि किती वाजता, त्रास कधी सुरू झाला, सोबत कोण कोण जेवलं आणि त्यांपैकी कोण आजारी आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत. उरलेलं अन्न टाकून न देता स्वच्छ डब्यात झाकून फ्रिजमध्ये ठेवावं आणि पाकीट जपून ठेवावं, कारण नमुना नसला की तपासणी तिथेच अडते. अन्न व औषध प्रशासनाचा १८००२२२३६५ हा टोल फ्री क्रमांक अशा तक्रारींसाठी आहे. एका घराने फोन केला तर त्याच पोत्यातली भगर दुसऱ्या गावात शिजायच्या आत थांबवता येते.